90 दिवसांच्या उधारीवर पहिली मोठी ऑर्डर: पैसा किती लागेल, कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मशिनिंगचा छोटा कारखाना, उलाढाल वर्षाला 90 लाखांच्या आसपास. आजवरचे ग्राहक लहान, दोन-चार आठवड्यांत पैसे देणारे. आता एका मोठ्या कंपनीची 18 लाखांची ऑर्डर आली आहे, पण पैसे बिलानंतर 90 दिवसांनी. कच्चा माल जीएसटी धरून 12 लाख 98 हजारांचा, पोलादवाला उधार देत नाही, हातात 5 लाख आहेत. म्हणून 8 लाख हवेत. एका अ‍ॅपवरून 8 लाखांचं कर्ज दोन दिवसांत मिळतंय: दरमहा दीड टक्का, 12 हप्ते, 3 टक्के प्रोसेसिंग फी. घरातले म्हणतात, घर तारण ठेवून बँकेकडून घ्या. यातलं काय करावं?

मी बँकेत अनेक वर्षं लघुउद्योगांची कर्जप्रकरणं हाताळली आणि आता बाहेर बसून तीच प्रकरणं उद्योजकांच्या बाजूने तयार करतो. त्या अनुभवावरून सांगतो: 'कर्ज कुठून घ्यावं' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की पैसा नेमका किती अडकणार आहे, किती दिवस, आणि तो सोडवणारी घटना कोणती. खेळतं भांडवल म्हणजे मालात आणि उधारीत अडकलेला पैसा. तो ज्या दिवशी सुटतो त्याच दिवशी फेडता येईल असं कर्ज हवं. तुमच्या बाबतीत तो दिवस आजपासून साधारण 120 दिवसांनी आहे: 30 दिवस माल तयार व्हायला, 90 दिवस उधारीचे.

आधी आकडा दुरुस्त करू, कारण 8 लाख पुरणार नाहीत. तुम्ही फक्त पोलाद मोजलंय. मजुरी, वीज, टूल्स, वाहतूक मिळून या ऑर्डरला 3 लाख लागतील असं तुम्हीच लिहिलंय. ते ग्राहकाकडून पैसे येण्याआधी द्यावे लागतील. त्यावर जीएसटी. 18 लाखांच्या बिलावर 18 टक्के म्हणजे 3 लाख 24 हजार. ते ग्राहकाने पैसे दिल्यावर नव्हे, बिल काढल्यावर पुढच्याच महिन्यात भरायचे असतात. पोलादावर दिलेल्या 1 लाख 98 हजारांचं क्रेडिट वजा केलं तरी 1 लाख 26 हजार रोख जातात. पोलादवाल्याने त्याचं विवरणपत्र वेळेवर भरलं नसेल तर ते क्रेडिटही त्या महिन्यात हाताशी नसतं. बेरीज करा: 12.98 अधिक 3 अधिक 1.26, म्हणजे 17 लाख 24 हजार. त्यातून तुमचे 5 लाख वजा. खड्डा सव्वाबारा लाखांचा आहे.

हे मी मुद्दाम इतकं सविस्तर लिहितोय. गरज कमी मोजून घेतलेलं कर्ज हे कर्ज न मिळण्यापेक्षा वाईट ठरताना मी खूप वेळा पाहिलंय. माल अर्धा मशिनवर असतो, पैसे संपलेले असतात, आणि त्या घाईत माणूस दुसरं, आणखी महाग कर्ज घेतो. एका उद्योजकाने माझ्यासमोर डायरी उघडली होती. 3 तारखेला एक हप्ता, 5 ला दुसरा, 7 ला तिसरा, आणि 7 लाच पगार. तिन्ही कर्जं एकाच ऑर्डरसाठी घेतलेली, प्रत्येक आधीचं अपुरं पडलं म्हणून. ऑर्डर नफ्याची होती. माणूस कामात तरबेज होता. चूक झाली ती पहिल्या दिवशीच्या बेरजेत.

आता अ‍ॅपचं कर्ज. दरमहा दीड टक्का म्हणजे वर्षाला 18, असं वाटतं. पण हा फ्लॅट दर आहे. व्याज पूर्ण 8 लाखांवर पूर्ण वर्षभर लावलंय, मुद्दल मात्र तुम्ही दर महिन्याला फेडत जाता. एकूण व्याज 1 लाख 44 हजार, हप्ता 78,667 रुपये. घटत्या शिलकीवर हाच दर वर्षाला जवळपास 32 टक्के होतो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून 28,320 रुपये आधीच कापले जातात, म्हणजे हातात 7 लाख 71,680 येतात. ते धरलं की खरा दर 39 टक्क्यांच्या घरात जातो. हे पडताळायचं असेल तर त्यांच्याकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून लघुउद्योगांच्या मुदत कर्जालाही ते देणं बंधनकारक आहे आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. कुणी टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

पण माझा मुख्य आक्षेप दरावर नाही, वेळापत्रकावर आहे. पहिला हप्ता महिन्याभरात सुरू होतो, ग्राहकाचे पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी येतात. तोवर चार हप्त्यांत 3 लाख 14 हजार गेलेले असतात. ते कुठून देणार? बाकीच्या लहान ग्राहकांच्या पैशांतून, म्हणजे त्यांच्या मालासाठी ठेवलेल्या पैशांतून. मुदत कर्ज मशिनसाठी ठीक, कारण मशिन दर महिन्याला थोडं थोडं कमावतं. ऑर्डर तशी कमावत नाही, ती एकदाच देते.

घर तारण ठेवण्याबद्दलही तसंच. दर कमी असतो, पण चार महिन्यांच्या गरजेसाठी दहा वर्षांचा बोजा आणि राहतं घर गहाण, हे मापात बसत नाही. शिवाय मूल्यांकन, कायदेशीर तपासणी, नोंदणी यात महिना सहज जातो.

मग काय करायचं? माझा क्रम असा असतो: आधी गरजच कमी करायची, मग येणी लवकर रोख करायची, आणि उरलेल्यासाठी बँकेची मर्यादा. बहुतेक लोक थेट शेवटच्या पायरीवर जातात.

गरज कमी करायला परचेस विभागाशी बोला. ऑर्डर स्वीकारण्याआधी बोलायचं, नंतर नाही. विचारायच्या गोष्टी तीन. मटेरियल तुम्ही देता का? मोठ्या कंपन्यांचे पोलाद कंपन्यांशी स्वतःचे करार असतात आणि अनेक जण लेबर जॉबवर, म्हणजे फक्त मजुरीवर, काम देतात. तसं झालं तर तुम्हाला फक्त 3 लाख लागतात, तेही 5 लाखांतून भागतात. तोटाही सांगतो: मटेरियलवरचं मार्जिन जातं, उलाढाल कागदावर लहान दिसते, आणि रिजेक्शन झालं तर त्यांच्या मटेरियलची भरपाई तुमच्या गळ्यात येते. भंगाराचा हिशेब करारात आधी लिहून घ्या. दुसरं, 20-30 टक्के आगाऊ रक्कम. नव्या पुरवठादाराला सहसा देत नाहीत, पण विचारायला हवं. तिसरं, माल एकदम न देता तीन लॉटमध्ये दिला तर चालेल का. याचं महत्त्व पुढे कळेल.

आता 90 दिवसांच्या अटीबद्दल. ही अट कायद्यात बसत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम 2006 नुसार, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देणं लागतं. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात आलेली आणि 43बी(एच) या कलमाने ओळखली जाणारी तरतूद आहे. या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचा लेखा विभाग तुमच्यापेक्षा जास्त काळजीत असतो.

या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन, मोफत आहे. तुम्ही ती केली आहे की नाही हे प्रश्नात नाही. नसेल तर आजच करा. ऑर्डरच्या आधी करा, मालाच्या पुरवठ्यानंतर नको, कारण नंतरच्या नोंदणीचा फायदा आधीच्या बिलांना मिळवताना वाद होतात. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

पण कायदा हातात आहे म्हणून पहिल्याच भेटीत तो टेबलावर आपटू नका. उशिराच्या पैशांसाठी सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते आणि काही प्रकरणांत मी ती करायलाही लावली आहे. तो मार्ग संबंध संपल्यावरचा आहे. तुम्हाला या ग्राहकाबरोबर अजून काम करायचंय. 'आमची लघुउद्योग म्हणून नोंदणी आहे, त्यामुळे तुमच्या करविभागाच्या सोयीसाठी 45 दिवसांची अट ठेवू या' असं एका ओळीत, नम्रपणे, पी.ओ. (खरेदीची लेखी ऑर्डर) येण्याआधी लिहा. कधी मान्य होतं, कधी होत नाही. ते त्या कंपनीवर आणि तुमचा माल त्यांना किती निकडीचा आहे यावर आहे.

तिथे नकार आला तरी एक चांगला मार्ग उरतो, आणि तुमच्यासाठी तोच मला सगळ्यात योग्य वाटतो: ट्रेड्स. मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेलं लघुउद्योगाचं बिल तिथे ऑनलाइन मांडलं जातं, बँका आणि फॅक्टरिंग कंपन्या त्यावर दराची बोली लावतात, तुम्ही बोली स्वीकारली की व्याज कापून पैसे एक-दोन दिवसांत खात्यावर येतात. मुदत संपली की खरेदीदार थेट त्या बँकेला पैसे देतो. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे मंच 2017 पासून चालू आहेत. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली जुनी नावं.

यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. दर तुमची पत पाहून नाही, खरेदीदाराची पत पाहून ठरतो. आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. साध्या बिल डिस्काउंटिंगमध्ये, म्हणजे बँकेकडून बिलावर आगाऊ पैसे घेण्यात, सहसा येते, हा फरक लक्षात ठेवा.

आता तीन लॉट का, ते पाहा. एक लॉट म्हणजे पोलाद 4 लाख 33 हजार आणि इतर खर्च 1 लाख, एकूण 5 लाख 33 हजार. तुमच्याकडे 5 लाख आहेत. पहिल्या लॉटचं जीएसटीसह बिल 7 लाख 8 हजारांचं. ते ट्रेड्सवर गेलं, दर समजा साडेनऊ टक्के आणि मुदत 90 दिवस, तर साधारण 16,600 रुपये व्याज कापून 6 लाख 91 हजार हातात येतात. त्यातून जीएसटीचे 42 हजार बाजूला ठेवून दुसऱ्या लॉटचं पोलाद घ्यायचं. तिसऱ्याचं तसंच. तिन्ही लॉटचा खर्च 50 हजारांच्या आसपास, वर मंचाचं किरकोळ शुल्क. अ‍ॅपच्या कर्जाचा खर्च 1 लाख 72 हजार होता, आणि त्यातूनही साडेचार लाख कमीच पडत होते. या ऑर्डरमध्ये पोलाद आणि थेट खर्च वजा जाता तुमचे 4 लाख उरतात. त्यातून भाडं आणि मशिनचा हप्ता द्यायचाय, त्यामुळे हा फरक लहान नाही.

आणि हेही पाहा: बिल लवकर रोख होत नसेल तर नुसते लॉट पाडून उपयोग नाही. दर महिन्याला एक लॉट दिला तरी पहिल्याचे पैसे यायच्या आधी तिसरा गेटबाहेर पडलेला असतो, खड्डा जवळजवळ तेवढाच राहतो.

ट्रेड्सच्या अडचणीही सांगायला हव्यात. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी करणं सरकारने बंधनकारक केलंय. पण नोंदणी असणं आणि तुमचं बिल तिथे मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक कंपन्या नोंदणी करून स्वस्थ बसल्या आहेत. शिवाय तुमचा माल गेटमधून आत गेला, की गुणवत्ता तपासणी होऊन जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघेपर्यंत बिल मान्य होत नाही. मी आठ-दहा दिवस लागताना पाहिलेत. त्या काळात दुसऱ्या लॉटचं काम थांबू नये म्हणून थोडी उशी हवी, आणि लहान ग्राहकांचं काम तर चालूच आहे. म्हणून सोबत बँकेची छोटी कॅश क्रेडिट मर्यादाही मागा. तुमची मशिन ज्या बँकेच्या कर्जावर आहे तिथेच जा. तुमचे हप्ते वेळेवर आहेत हे त्यांना दिसतंय, नव्या बँकेला ते पटवायला वेळ जातो.

कॅश क्रेडिट, आपण सगळे सीसी म्हणतो ते, अशा गरजेसाठीच आहे: वापराल तेवढ्यावर, तेवढ्या दिवसांचं व्याज, हप्ता नाही. लहान उद्योगांसाठी बँका उलाढालीच्या पद्धतीने मर्यादा काढतात: अंदाजित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज, त्यातले 20 टक्के बँकेचे आणि 5 टक्के तुमचे. 90 लाखांवर हे 18 लाख आणि साडेचार लाख होतात. म्हणजे तुमचे 5 लाख म्हणजे बँकेला हवं ते मार्जिनच आहे. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या कर्जहमी निधीच्या हमीखाली प्रस्ताव करायला सांगा. केंद्र सरकार आणि सिडबीने 2000 साली हा निधी उभा केला. ती हमी बँकेला असते, तुम्हाला कर्जमाफी नसते, आणि तिचं वार्षिक शुल्क बहुधा तुमच्याकडूनच घेतलं जातं.

मंजूर मर्यादा म्हणजे उचलता येणारी रक्कम नव्हे, हे मात्र पक्कं समजून घ्या. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात उचलता येणारी रक्कम, निघते. पद्धत बँकेप्रमाणे बदलते, पण साधारण अशी: पैसे दिलेल्या मालाच्या किमतीतून 25 टक्के वजा, येण्यांतून 40 टक्के वजा, आणि 90 दिवसांपेक्षा जुनी येणी शून्य. समजा ट्रेड्स जमलं नाही आणि सगळी ऑर्डर सीसीवर केली. 11 लाखांचं पोलाद गोदामात आलं की ड्रॉइंग पॉवर सव्वाआठ लाख. बिल निघाल्यावर येणी 21 लाख 24 हजार, त्यावर 12 लाख 74 हजार. तुमचा सव्वाबारा लाखांचा खड्डा त्यात बसतो, अगदी काठावर. व्याज 11 टक्के धरलं तरी 120 दिवसांचं 45 हजारांच्या आत.

पण 91 व्या दिवशी काय होतं पाहा. ग्राहकाने पैसे एक आठवडा उशिरा दिले, तर त्या बिलाची ड्रॉइंग पॉवर एका रात्रीत शून्य होते. खातं मर्यादेबाहेर जातं आणि पोलादवाल्याला दिलेला चेक परत जातो. तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नसतं. 90 दिवसांचा ग्राहक आणि येणी धरण्याची 90 दिवसांची मर्यादा ही जोडी धोकादायक आहे. म्हणून मंजुरीपत्रावर सही करण्याआधी येण्यांची मुदत 120 दिवस करून मागा, ग्राहकाचा पी.ओ. दाखवून. मंजुरीच्या वेळी हे मिळू शकतं, नंतर फार कठीण.

सीसीतून नवं मशिन, गाडी किंवा घरखर्च कधीही काढू नका. मी पाहिलेली बिघडलेली बहुतेक सीसी खाती इथूनच बिघडली. आणि विक्रीचे सगळे पैसे त्याच खात्यात येऊ द्या.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ग्राहक लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे त्याच्या बँकेची पैसे देण्याची हमी, देत असेल तर बँक ते सहज वटवते, पण देशांतर्गत लहान ऑर्डरला क्वचित मिळतं. मुद्रा कर्जाची मर्यादा तरुण गटात 10 लाख आहे, 20 लाख फक्त ते आधी घेऊन फेडलेल्यांना. मुदत ठेव असेल तर मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. स्वस्त आणि एका दिवसात होणारा. मुदतीअखेर एकरकमी फेडीचं सोनेतारणही चार महिन्यांच्या गरजेला वेळापत्रकाने बसतं, फक्त मुदत मोजून घ्या. आणि पोलादवाल्याला विचारा की रोखीने किती सूट. रोखीला 2 टक्के सूट आणि नाहीतर 30 दिवस उधार, असं म्हणाला तर ती उधारी वर्षाला 24 टक्क्यांहून महाग आहे. सीसीतून रोख देणं फायद्याचं.

सीसीला कागद पूर्ण असतील तर तीन ते सहा आठवडे धरा: दोन वर्षांचे ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं, वर्षभराची जीएसटी विवरणपत्रं, बँक उतारे, उद्यम प्रमाणपत्र, पी.ओ., आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. म्हणून ऑर्डरची तारीख ठरवताना हे आठवडे धरूनच ठरवा.

उद्या सकाळी बँकेत जाण्याआधी परचेस अधिकाऱ्याला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: तुम्ही ट्रेड्सवर पुरवठादारांची बिलं मान्य करता का, आणि माल तीन लॉटमध्ये चालेल का. दोन्हीला हो असेल तर बँकेत 3-4 लाखांची सीसी पुरेल. एकालाही नाही म्हणाले तर बँकेत 8 लाखांचा अर्ज करू नका. हिशेबाचा कागद सोबत घेऊन 13 लाखांचा करा, आणि मंजुरी हातात येईपर्यंत पोलादाची ऑर्डर देऊ नका.